उन्हाळ्यात घाटमाथ्यावर गाडी आणि तंबू: मुंबईकर नवख्यांसाठी

एप्रिल-मेमधला घाटमाथा म्हणजे वाळलेलं पिवळं गवत, तापलेला कातळ आणि तळ गाठलेल्या विहिरी. पावसाळ्यातले फोटो बघून बेत आखणाऱ्यांची इथेच फसगत होते. गाडी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी) आहे की नाही हा नंतरचा प्रश्न. उन्हाळी सहल बिघडते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी: पाणी पुरत नाही, गवत पेटतं, किंवा सुकल्यासारख्या दिसणाऱ्या गाळात गाडी रुतते. उदाहरणासाठी इथे कसारा, घोटी, भंडारदरा हा पट्टा घेतला आहे. दोन रात्री, दोन गाड्या, प्रत्येकीत चार माणसं असा हिशेब धरला आहे. पहिल्या खेपेला एकटी गाडी नेऊ नका. रुतलेल्या गाडीला ओढायला दुसरी गाडी लागतेच.

तारीख आणि परवानगी

एप्रिलचा पहिला पंधरवडा सगळ्यात बरा. मे महिन्यात वळवाचा पाऊस कधीही येतो. मेअखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत काजवे बघायला जी गर्दी होते, तिच्यात शनिवार-रविवारी अरुंद रस्त्यावर गाडी वळवायलाही जागा मिळत नाही. काजव्यांसाठीच जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, आणि झाडांवर हेडलाइट मारू नका.

भंडारदऱ्याच्या आसपासचा बराचसा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 सालापासून हे अभयारण्य आहे. इथे रस्ता सोडून जंगलात गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि ‘सगळेच घालतात’ हे उत्तर वनविभागाच्या नाक्यावर चालत नाही. म्हणजे ऑफ-रोडिंग करायचं कुठे? गावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटांवर, मुरमाच्या रस्त्यांवर, आणि मालकाने हो म्हटल्यास खासगी शेतात किंवा माळावर. नवख्याला एवढं पुरून उरतं. नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्या आणि परत निघेपर्यंत जपून ठेवा.

तंबूची जागाही अशीच विचारून ठरवा. शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांत स्वतःच्या शेतात तंबू लावू देणारी घरं आहेत. निघण्याआधी फोनवर तीनच गोष्टी विचारा: जमीन तुमच्या मालकीची आहे का, गाडी तंबूपर्यंत येते का, वापरायला पाणी आहे का. तिसऱ्या प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर आलं तरी पिण्याचं पाणी मुंबईहूनच न्या. धरण डोळ्यांसमोर असलं तरी मेमध्ये वरच्या वाड्यांवर हंडे वाहून आणावे लागतात. त्या पाण्यात आठ पाहुण्यांच्या आंघोळी बसत नाहीत.

निघण्याआधी पंधरा दिवस: गाडी

शोरूमची सर्व्हिस झाली म्हणजे गाडी तयार झाली असं समजू नका. मुंबईत चाललेल्या गाडीची दुखणी वेगळी असतात. रोजच्या कोंडीत हाफ क्लचवर चालून क्लच प्लेट झिजलेली असते, आणि खाऱ्या हवेने खालचे नटबोल्ट गंजलेले असतात. गाडी रॅम्पवर चढवून घ्या आणि मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून या गोष्टी बघा.

स्टेपनी. बऱ्याच गाड्यांत ती खाली साखळीने किंवा तारेने टांगलेली असते, आणि गंजामुळे ती यंत्रणा हमखास जाम होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा स्टेपनी उतरवा, गाडी जॅकवर घ्या, चाक बदला आणि परत लावा. जॅक कुठे टेकवायचा, पाना पुरेसा लांब आहे का, नट हाताने सुटतात का, हे तिथे कळलेलं बरं. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुनी स्टेपनी नक्षी शाबूत असली तरी बदला. रबर कडक झालेलं असतं.

ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइलला उकळी फुटते आणि पेडल थेट खाली जातं. दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण बदलून घ्या. ही वरकमाईची शिफारस नाही.

कूलंट, रेडिएटरचे पाइप, फॅन बेल्ट आणि पंख्याचं काम तपासा. पाइप दाबून बघा. बोटाखाली तडे दिसले तर बदला. एअर फिल्टर झटका आणि जुना असेल तर नवा टाका, कारण दुसऱ्या गाडीमागे धूळ खात चालल्यावर तो दोन दिवसांत भरतो. शेवटी इंजिनाखालचं चेंबर, म्हणजे इंजिन ऑइलचं भांडं, बघा. त्यावर संरक्षक पत्रा नसेल तर या खेपेला फक्त मुरमाच्या वाटा धरा, दगडांच्या नकोत.

हाय-वे टायर असतील तर कोरड्या मुरमावर चालतात. सगळे टायर ऑल टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हीसाठी जाड नक्षीचे) घेतलेच पाहिजेत असं नाही. टायर आणि उंची वाढवण्यात पैसे घालण्याआधी ते पैसे ओढण्याच्या दोरावर आणि कॉम्प्रेसरवर घाला. पुढे लोखंडी बुल बार बसवायचा मोह झाला तर त्यावर 2017 सालीच बंदी आली आहे, हे लक्षात असू द्या.

पाणी आणि वजन

पिण्यासाठी माणशी दिवसाला 5 लिटर, स्वयंपाक, भांडी आणि हात-तोंड यासाठी 2 लिटर. चार माणसं, अडीच दिवस: 70 लिटर. रेडिएटर आणि अडीअडचणीसाठी 10 जास्त. एकूण 80 लिटर, म्हणजे 80 किलो. ऑफिसात येतात ते 20 लिटरचे जार आणू नका. खडबडीत वाटेवर त्यांची झाकणं उडतात आणि अंथरूण भिजतं. फिरकीच्या झाकणाचे 10 लिटरचे आठ कॅन घ्या; एखादा फुटला तरी बाकीचे राहतात.

आता बेरीज करा. चार माणसं 280 किलो, पाणी 80, दोर-फावडं-हत्यारं 40, तंबू, अंथरूण, भांडी आणि शिधा 60. झाले 460 किलो. बऱ्याच गाड्यांची वाहनक्षमता याच्या आसपास संपते. गाडीच्या पुस्तकातला आकडा बघून मगच जास्तीच्या खुर्च्या भरा. पाण्याचे कॅन सगळ्यात खाली, मागच्या सीटला टेकून ठेवा आणि पट्ट्याने बांधा. टपावर फक्त हलकं सामान: तंबू, चटया. टपावर 80 किलो ठेवून तिरक्या वाटेवर गेलात तर गाडी कलंडायला तेवढं पुरतं.

शिधा सोपा ठेवा. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भडंग, कांदे, कोकमाचं आगळ आणि कैरीचं पन्हं उन्हात टिकतात. मटण खायचंच असेल तर पहिल्याच रात्री. आइसबॉक्समध्ये सुटा बर्फ भरण्याऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. वितळल्या की पिता येतात.

सोबत काय हवंच

12 व्होल्टचा कॉम्प्रेसर, आणि वेगळा हवा मोजायचा गेज. मोठा कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावला की फ्यूज उडतो, म्हणून थेट बॅटरीला चिमटे लावणारा घ्या. ट्यूबलेस पंक्चर किट, दहा-बारा पट्ट्यांसह. टायरच्या मधल्या भागातलं भोक त्याने बुजतं. बाजूची भिंत फाटली तर स्टेपनीशिवाय गती नाही.

दणकट दांड्याचं फावडं, चार गोणपाटं, आणि एक फूट बाय एक फूट 18 मिमी प्लायवूड. प्लायवूड जॅकखाली ठेवण्यासाठी. नाहीतर मऊ जमिनीत गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. ताणणारा कायनेटिक दोर, गाडीच्या वजनाच्या किमान अडीच-तीन पट तुटण्याच्या क्षमतेचा. 19 मिमीचे, 4.75 टन छापलेले दोन शॅकल, म्हणजे दोर हुकाला जोडायच्या पिनवाल्या लोखंडी कड्या. जंप केबल, एम-सील, इन्सुलेशन टेप, तार, जास्तीचे फ्यूज, इंजिन ऑइल 2 लिटर, कूलंट 2 लिटर. 2 किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक, ड्रायव्हरच्या हाताला येईल अशा जागी. डिकीच्या तळाशी ठेवलेल्या अग्निशामकाचा वेळेवर काही उपयोग होत नाही.

निघणं

पहाटे साडेचारला ठाणे सोडा. सहानंतर भिवंडी वळणावर ट्रकांमागे तास जातो. शहापूर, कसारा घाट, इगतपुरी आणि मग घोटी. घोटीला टाकी पूर्ण भरा, टायरमध्ये हवा मात्र भरू नका. कच्च्या वाटेवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मायलेज निम्म्यावर येतं, म्हणून हायवेच्या हिशेबाने इंधन मोजू नका. घोटीहून बारीमार्गे शेंडीला याल. नकाशा मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवा. पुढच्या वळणांवर रेंज जाते. घरी कुणाला तरी कोणत्या गावात मुक्काम आहे आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्यायचा, हे लिहून द्या.

कच्च्या वाटेवर तासाला 12 ते 15 किलोमीटर धरा. नकाशावर 40 किलोमीटर दिसणारा वळसा अर्धा दिवस खातो.

टायरमधली हवा

डांबर संपलं की थांबा. समजा, घरी थंड टायरमध्ये 32 पीएसआय होती. हायवेवर तापून ती 36च्या आसपास गेलेली असते. हायवेवर हा वाढलेला आकडा बघून हवा काढू नका. कच्च्या वाटेसाठी मात्र तापलेल्या टायरमध्ये 26 ठेवा, म्हणजे रात्री थंड झाल्यावर ती 23च्या जवळ येईल. हवा कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते आणि गाडी कमी आदळते. पण सह्याद्रीचा दगड धारदार आहे. 18च्या खाली गेलात तर फुगलेली बाजू दगडाच्या कडेला लागून चिरते, आणि रिमपासून टायर सुटण्याचीही भीती असते. हवा कमी असताना ताशी 30च्या वर जाऊ नका. परत डांबरावर येताच भरा, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

चढ, उतार, दगड

पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (एरवी दोन चाकांवर चालणारी, गरजेला चारही जोडणारी) असेल तर डांबरावर 4एच, म्हणजे चारही चाकं नेहमीच्या वेगात, लावू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरावर तो ताण गिअरबॉक्सवर येतो. 4एलमध्ये (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त) जाताना गाडी थांबवा, न्यूट्रल करा, मग लिव्हर टाका.

अनोळखी चढ आधी पायी चढून बघा. वर गाडी वळवायला जागा आहे का हेही बघा. नसेल तर तो चढ सोडा. चढताना 4एल, दुसरा गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर. मध्ये गिअर बदलू नका. मधेच इंजिन बंद पडलं तर क्लच दाबून मागे घरंगळू देऊ नका. पायाचा ब्रेक घट्ट, रिव्हर्स गिअर, हँडब्रेक सोडा आणि आलात त्याच चाकोरीतून सरळ मागे. उतारावर गाडी आडवी वळवायची चूक सगळ्यात महाग पडते, कारण तिथेच गाडी उलटते.

उतरताना पहिला गिअर, 4एल, आणि पाय क्लचवर नको. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेकचा वास येईल. वास आलाच तर सपाटीवर थांबा, अर्धा तास जाऊ द्या, आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका.

मोठा दगड मध्ये असला तर नवखा माणूस तो दोन्ही चाकांच्या मधून घेतो आणि चेंबर फुटतं. दगड पोटाखालून नको, चाकाखालून घ्या. चाकाने गाडी उचलली गेली की पोटही वर जातं. बाहेर उभं राहून दिशा सांगणारा एकच माणूस असावा. चौघांनी चार बाजूंनी ‘घे, घे’ म्हटलं की ड्रायव्हर भलतीकडेच नेतो. आणि अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवू नका; चाक दगडाला आपटलं की स्टीअरिंग झटक्याने फिरतं.

चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर आधी एसी बंद करा. तरी चढत राहिला तर हीटर पूर्ण लावा, खिडक्या उघडा. घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

गाळ

उन्हाळ्यातली सगळ्यात फसवी जमीन धरणाच्या काठाला असते. पाणी मागे सरतं आणि रुंद, सपाट, भेगाळलेली पांढुरकी जमीन उघडी पडते. फोटोसाठी गाडी तिथे न्यावीशी वाटते. वरचा थर कडक असतो आणि खाली लोण्यासारखा ओला गाळ. पाण्यापासून लांब असेपर्यंत गाडी मजेत चालते, मग अचानक पुढचं चाक खाली जातं, आणि अॅक्सिलरेटर दाबला की दहा सेकंदांत गाडी पोटावर बसते. शिवाय या जमिनीवर काठची माणसं गाळपेर करतात, म्हणजे पीक घेतात, आणि धरणाचं पाणी खाली प्यायलाही जातं. त्यामुळे पाण्याकडे जाणारी वाट पायीच धरा. तरीही कुणाला शंका असेल तर काठी वापरा: अर्धा फूट सहज आत गेली तर तिथे गाडी नाही.

तरी रुतलात, तर क्रम असा. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही हे कळताच अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. त्यानंतरचा प्रत्येक सेकंद खड्डा खोल करतो. सगळे खाली उतरा, पाण्याचे कॅन उतरवा. पोट जमिनीला टेकलंय का बघा. टेकलं असेल तर आधी पोटाखालची माती काढा. चाकांपुढची नुसती उकरून काही होत नाही. मग चाकांच्या मागे तिरकी उतरण खणा, गाळातून निघण्यापुरतीच हवा 16वर आणा, गोणपाटं चाकाखाली दाबून बसवा. आलात त्याच वाटेने मागे निघा, कारण तिथली जमीन एकदा दाबली गेलेली असते. 4एल, रिव्हर्स, अगदी हळू. गोणपाट उडून मागे येतं, म्हणून चाकांच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

नाही निघाली तर दोर. दोर फक्त चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकाला लावा. बंपरमध्ये फिरवून बसवतात तो छोटा हुक सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरता आहे. झटका बसला की तो सुटतो आणि गोळीसारखा काचेतून आत येतो. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताण पडल्यावर ती उघडत नाही. दोरावर जाड गोधडी टाका. ड्रायव्हर सोडून बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला. दोन दोर शॅकलने मध्ये जोडू नका. ओढणारी गाडी हळू सुरू होते, दोर ताणतो, आणि ताणलेला दोरच रुतलेल्या गाडीला उपसतो. ताणत नाही अशा साध्या पट्ट्याला झटका देऊ नका.

आणि दुसरी गाडीही रुतली, तर गावातला ट्रॅक्टर. भाडं आधी ठरवा, ट्रॅक्टर कडक जमिनीवरच उभा करायला सांगा आणि त्यांची लोखंडी साखळी न वापरता आपला दोर द्या. तुटलेली साखळी आवरत नाही.

गवत आणि आग

सध्याच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. तो काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा त्याचं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं. हळू चालवण्याने काजळी साठते, म्हणजे कच्च्या वाटेनंतर ही सफाई हमखास येते. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असाच तापतो. अशी गाडी गुडघाभर वाळल्या गवतात उभी केली तर खालून धूर यायला फार वेळ लागत नाही. गाडी कायम उघड्या मातीवर किंवा कातळावर लावा. गवतातून जावंच लागलं तर पुढच्या उघड्या जागी थांबून पोटाखाली अडकलेलं गवत काठीने काढा.

शेकोटी नको. जंगलात ती गुन्हा आहेच, आणि खासगी शेतातही मेमधला वारा ठिणगी बांधापलीकडे नेतो. गॅसची छोटी शेगडी पुरे. मोठ्या आचेवर 230 ग्रॅमचा डबा साधारण दीड तास चालतो, दोन रात्रींना तीन डबे न्या. हे डबे 50 अंशांपुढे तापू द्यायचे नसतात, आणि उन्हातल्या बंद गाडीत पारा त्याच्या वर जातो. दुपारी डबे सावलीत, गाडीबाहेर. वणवा दिसला तर वाऱ्याच्या उलट दिशेने, उघड्या जमिनीकडे निघा आणि वनविभागाच्या 1926 वर कळवा.

मुक्काम

संध्याकाळी साडेचारला गाडी थांबली पाहिजे. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि कातळात खुंट्या ठोकायला नवख्याला वेळ लागतो. खुंटी जात नसेल तर दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. तंबू झाडाच्या पश्चिमेला लावा, म्हणजे सकाळी त्याच्यावर सावली राहील. नाहीतर सातलाच भट्टी होते. कड्याच्या टोकावर किंवा उंच एकट्या झाडाखाली नको, तिथे वळवाची वीज पडते. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर मुळीच नको. वर डोंगरात पाऊस पडला की इथे ढग नसतानाही लोंढा येतो. कड्याखाली जागा घेण्याआधी मान वर करून बघा. आग्या मोहोळ लटकत असेल तर दुसरीकडे जा. धूर आणि उग्र अत्तर दोन्ही त्या माश्यांना उठवतात. त्या उठल्या तर गाडीत शिरून काचा बंद करा.

रात्री बॅटरीशिवाय आणि बुटांशिवाय एक पाऊलही नाही. घोणस आणि फुरसं वाटेच्या कडेलाच असतात. बूट तंबूच्या आत ठेवा, घालताना झटका. साप चावलाच तर कापाकापी, आवळून बांधणं, गावठी औषध यांत वेळ घालवू नका. अवयव हलू न देता 108ला फोन करा किंवा सरळ गाडीने निघा. प्रतिविष कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे हे घरूनच विचारून ठेवा.

शौचासाठी वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून किमान 60 मीटरवर. कचऱ्याच्या दोन पिशव्या, एक ओल्याची आणि एक सुक्याची, परत मुंबईला. गावात कचरागाडी येत नाही.

परत निघताना

रविवारी सकाळी दहाच्या आत निघा, म्हणजे भिवंडीची संध्याकाळ टळते. डांबराला लागताच हवा 32 करा. दहा मिनिटं गाडीखाली वाकून बघा: तेलाचा थेंब, लोंबणारा पाइप, चाकाला चिकटलेला चिखल. रिमच्या आत सुकलेला गाळ हायवेवर स्टीअरिंग थरथरवतो आणि लोक अलाइनमेंट बिघडलं समजून घाबरतात. चाकांचे नट एकदा पान्याने आवळा. चेंबर थेंब-थेंब गळत असेल तर जागा कोरडी पुसून एम-सील लावा, तासभर थांबा, ऑइल भरा आणि घोटीचा मेकॅनिक गाठा. ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद; गाडी टोईंगवरच घरी न्या.

घरी आल्यावर दोर धुऊन सावलीत वाळवा. गाळाचे कण आत राहिले तर ते धागे कापतात आणि पुढच्या खेपेला दोर तुटतो.